बाळासाहेबांच्या नावावर काय मांडावे?

दरवर्षी १० मार्चला आमच्या पाटण तालुक्यात लोकनेते बाळासाहेब देसाई यांची जयंती साजरी होते. हार घातले जातात, भाषणे होतात आणि बहुतेक भाषणांत एक यादी येते : कोयना धरण, वीज, रस्ते, साखर कारखाना, शाळा. वक्ता बदलतो, यादी बदलत नाही. ही यादी ऐकतच आम्ही खोऱ्यातली मुले वाढलो. तिच्याविषयी चार शब्द लिहावेत असे पुष्कळ दिवस मनात होते. मला बाळासाहेबांविषयी अनादर आहे असा कृपया कोणी समज करून घेऊ नये. जे त्यांचे एकट्याचे नाही ते आपण यादीत आधी घेतो आणि जे खरोखर त्यांचे आहे ते राहूनच जाते, एवढीच माझी तक्रार आहे.

ज्यांनी हा मुलूख पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या कुशीतून दक्षिणेला वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेत मिळते. दोन्ही अंगांना डोंगर, पाऊस अफाट आणि जमीन तुकड्यातुकड्यांची. भात, नाचणी आणि घरटी एक माणूस मुंबईला, हा इथला जुना संसार. अशा भागात १९१० साली जन्मलेल्या मुलाने कोल्हापूर गाठून शिकावे, वकील व्हावे, सातारा लोकल बोर्डाचे अध्यक्ष व्हावे, पुढे राज्याचे शिक्षण, शेती, गृह अशी खाती सांभाळावीत आणि १९७७-७८ मध्ये विधानसभेच्या अध्यक्षपदी बसावे, हे आजही सोपे नाही. तेव्हा तर नव्हतेच.

आता धरण घ्या. कोयनेच्या पाण्यावर वीज काढण्याची कल्पना टाटांनी पहिल्या महायुद्धानंतरच तपासून पाहिली होती. प्रत्यक्ष काम १९५४ मध्ये, जुन्या मुंबई राज्यात सुरू झाले. एका खोऱ्यातल्या आमदाराच्या इच्छेने असे धरण उभे राहत नाही आणि त्याच्या अनिच्छेने थांबतही नाही. शिवाय ते खोऱ्यासाठी बांधले होते का? शिवसागराचे पाणी डोंगर फोडून पश्चिमेला पोफळीकडे उतरते. कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी या वाटेने जाऊ दिले आहे. त्यावर होणारी वीज राज्याला मिळते, हे चांगलेच आहे. पण तो महाराष्ट्राचा विकास झाला. खोऱ्याच्या वाट्याला पाण्याखाली गेलेली गावे आली.

माझ्या आजीचे माहेर त्यातच गेले. तेव्हा धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदाच राज्यात नव्हता. तो १९७६ मध्ये झाला. माणसे सांगली, सोलापूर, रायगड, रत्नागिरी अशी पांगली. आजीला माहेर कुठले असे विचारले की ती गावाचे नाव सांगते आणि लगेच म्हणते, "पन आता न्हाई त्ये." जयंतीच्या भाषणात धरण विकास म्हणून येते तेव्हा आजीसारखी माणसे मांडवात बसलेली असतात, याचे भान निदान वक्त्यांनी ठेवावे.

पुढे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली, कोयनानगर जमीनदोस्त झाले. बाळासाहेब त्या वेळी गृहमंत्री होते. ते तातडीने आले, माणसांत फिरले, असे आमच्याकडची जुनी माणसे आजही सांगतात, आणि ते सांगताना त्यांचा आवाज बदलतो. पुढाऱ्याविषयी असे बोलणे मी दुसरीकडे फारसे ऐकलेले नाही.

मरळीचा कारखाना झाला, त्याने काही घरे गावात टिकली. पण मुंबईची वाट बंद झाली नाही. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे, यात नवल ते काय? माझे वडीलही वाशीच्या बाजारात माथाडी आहेत. कोयनेची वीज राज्यभर जाते आणि आमची माणसे गोण्या वाहायला वाशीला जातात!

म्हणूनच मला यादीत पहिली जागा एका अगदी कागदी गोष्टीला द्यावीशी वाटते. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात शिक्षण खाते बाळासाहेबांकडे होते. वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असणाऱ्या पालकांच्या मुलांना फी माफ, या ई.बी.सी. सवलतीशी त्यांचे नाव जोडले गेले ते तेव्हापासून. श्रेय एकट्याचे नव्हे, मुख्यमंत्र्यांचेही होते. पण आमच्याकडे 'ईबीसी' हा शब्द इंग्रजी न येणाऱ्या माणसालाही ठाऊक झाला. या सवलतीत कोणाची जात विचारली नव्हती, मिळकत विचारली होती. तलाठ्याकडून दाखला आणायचा, फॉर्म भरायचा आणि वर्गात बसायचे. माझे एक चुलत आजोबा असे मॅट्रिक झाले आणि ग्रामसेवक म्हणून लागले. आमच्या घराण्यात महिन्याच्या पगाराची सही करणारे ते पहिले. कॉलेजची पायरी मात्र मीच पहिली चढले, आणि तीही त्याच सवलतीच्या आजच्या रूपाचा फॉर्म भरून.

तरी सवलतीने सगळे झाले असे मी म्हणणार नाही. माझी आत्या सातवीनंतर घरी बसली. तिच्या बाबतीत अडचण फीची नव्हती. हायस्कूल नदीपलीकडे होते आणि पावसाळ्यात साकव वाहून जाई. फी माफ करणे सरकारला एका हुकमाने जमले. साकव बांधायला मात्र वर्षे लागली.

माझा एक वर्गमित्र म्हणतो, ई.बी.सी.नेही शेवटी खोरे रिकामेच केले. शिकलेले कोण परत आले? त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण चुलत आजोबांची बदली झाली तेव्हा ते कुठे जायचे यावर घरात चर्चा करू शकले. वडिलांना तशी चर्चा करण्याची सवड कधी मिळाली नाही. हा फरक मला धरणाच्या भिंतीपेक्षा मोठा वाटतो.

आपल्या इतिहास विभागाला एक सुचवावेसे वाटते. साठ-सत्तरच्या दशकांत ई.बी.सी.वर शिकलेली आमच्या तालुक्यातली बरीच माणसे अजून हयात आहेत, पण ऐंशीच्या घरात आहेत. दिवाळीच्या सुट्टीत गावोगाव जाऊन त्यांची नावे, त्यांनी भरलेले फॉर्म आणि पुढे त्यांचे काय झाले ते लिहून घेता येईल. माझ्या गावातली अशी पाच नावे मी काढून ठेवली आहेत.