हातांना काम, तोंडात मराठी



गेल्या महिन्यात नातीला रविवारच्या मराठी वर्गाला सोडायला गेलो होतो. मुले शब्दांचा कागद भरत होती. नातीने 'कात्री' हा शब्द अगदी सुवाच्य लिहिला होता. घरी आल्यावर मी म्हटले, "अगं, ती कात्री दे जरा," तर ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. लिहिलेला शब्द आणि ड्रॉवरमधली वस्तू यांची गाठच पडली नव्हती. तेव्हापासून मनात जे घोळते आहे ते लिहितो. पटले नाही तर पुढच्या अंकात जरूर खोडून काढा.

माझे प्राथमिक शिक्षण सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात झाले. दोन खोल्या, दोन गुरुजी, चार इयत्ता. घंटा म्हणजे झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा. बसायला गोणपाट घरून न्यायचे. शनिवारी सकाळची शाळा. त्या दिवशी मुलांनी पाणी आणायचे आणि मुलींनी वर्ग शेणाने सारवायचा. (ही वाटणी तेव्हा कुणाला खटकत नसे, आता खटकते.) टकळीवर सूत काढणे, मातीची फळे करून रंगवणे, पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावणे आणि दिवाळीच्या सुट्टीआधी आकाशकंदील, असे हस्तव्यवसाय वर्षभर चालत. पेळू, कामटी, चोय, खळ हे शब्द मला कुणी फळ्यावर लिहून शिकवले नाहीत. ते कामाबरोबर आले. "अरे, खळ पातळ झाली, चमचाभर पीठ घाल" हे वाक्य कुठल्याही धड्यात नव्हते.

यामागे मोठा विचार होता हे मला फार उशिरा कळले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. मुलांना सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे, ते मातृभाषेतून असावे आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेले असावे, असे तिथे ठरले. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम तयार केला. सेवाग्रामला आर्यनायकम् आणि आशादेवी यांनी तो प्रत्यक्ष चालवला. मातृभाषा आणि हाताचे काम या दोन गोष्टी त्या परिषदेने शेजारी शेजारी ठेवल्या, हे आपण परदेशातल्या पालकांनी विशेष लक्षात घ्यावे.

पुढे बऱ्याच शाळांत टकळी राहिली आणि विचार गेला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. तो विषय वेळापत्रकात आला, पण अनेक ठिकाणी गुणांपुरताच उरला. काहींनी मात्र नेट धरला. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधले संशोधनाचे काम सोडून पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे खेड्यातली मुले वेल्डिंग, बांधकाम, शेती हाताने करत करत शिकली. सेवाग्रामची आनंद निकेतन शाळाही २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली.

बाकीच्यांनी काय केले? माझेच सांगतो. चौथीत आकाशकंदील मी केलाच नाही. शेजारी बसणाऱ्या मित्राकडून करून घेतला आणि बदल्यात त्याची गणिते सोडवून दिली. माझा कंदील करण्यात वेळ गेल्याने त्याचा स्वतःचा घाईत झाला. गुण मला जास्त मिळाले. मी शिकत गेलो आणि इंजिनिअर होऊन एडमंटनला पोचलो. त्याची शाळा सातवीनंतर सुटली. त्याच्या बोटांतली हुशारी मोजायला कुणाकडे मापच नव्हते. आणि ती फसवणूक मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

इथल्या पहिल्याच हिवाळ्यात आमची फर्नेस बंद पडली. दुरुस्तीला आलेल्या तरुणाने तासाभरात ती चालू केली आणि आपण काय केले ते मला नीट समजावून सांगितले. तो इथल्या 'नेट'मध्ये, म्हणजे नॉर्दर्न अल्बर्टा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकला होता. आपल्या कामाचा त्याला अभिमान होता. तरीही आपल्या घरातल्या एखाद्या मुलाने इलेक्ट्रिशियन व्हायचे म्हटले, की आपले चेहरे अजून उतरतात. डिग्री घेऊन आलो, पण ही जुनी अढीही सामानात बांधून आणली.

म्हणून एक सूचना. मराठी वर्गाचा शेवटचा अर्धा तास हाताच्या कामाला द्यावा. काही पालक म्हणतील, लिहिणे-वाचणेच पुरे होत नाही, त्यात हे कशाला? माझे उत्तर असे, की "धर, ओढ, दुमड, चिकटव, सांडू नकोस" ही क्रियापदे कागदावर भरून येत नाहीत. कागद भरणे बंद करा असे मी म्हणत नाही. आधी हाताने करू द्या, मग तेच शब्द लिहू द्या.

खर्च फारसा नाही. कामट्यांऐवजी बागेतल्या रोपांना लावतात त्या बांबूच्या काड्या, पतंगी कागदाऐवजी डॉलर स्टोअरमधला टिश्यू पेपर, खळ मैद्याची. बाहेर बर्फ असले तर कंदील खिडकीत आतून लावू. शिकवायला माणसेही आहेत. सुपर व्हिसावर आलेले किती आजी-आजोबा दिवसभर बेसमेंटमध्ये टीव्हीसमोर बसून असतात! त्यांना बोलवा. नातवंडांशी बोलायला इंग्रजी येत नाही ही त्यांची खंत त्या अर्ध्या तासात तरी उरणार नाही.

अटी दोनच. गुण आणि बक्षिसे नकोत. आणि आई-बाबांनी रात्री बसून मुलांचे काम पुरे करायचे नाही!

मला स्वतःला आकाशकंदील अजूनही करता येत नाही. वर्ग ठरला तर पहिल्या रविवारी मी मुलांच्या रांगेत बसायला येईन.

कळावे, लोभ असावा.

— मंडळाचा एक जुना सभासद