दात काढण्याआधी भरण्याचे विचारा

वस्तीत दाढ दुखू लागली की क्रम ठरलेला असतो. आधी लवंग, मग मिश्री, मग मेडिकलवरची गोळी आणि शेवटी “डॉक्टर, काढूनच टाका, कटकट नको!” या क्रमात सर्वांत स्वस्त पायरी गाळली जाते, असे आमचे म्हणणे आहे. ती पायरी म्हणजे खड्डा लहान असतानाच दात भरून घेणे.

दातात किडा नसतो. बाजारात बसून दातातले किडे काढून दाखवणारे लोकांना फसवतात. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कठीण आवरण विरघळवते. एकदा पडलेला खड्डा मंजनाने किंवा गोळीने बुजत नाही. सुरुवातीला तो दुखतही नाही, म्हणून आपण गाफील राहतो. ठणका लागतो तोवर कीड बहुधा नसेपर्यंत पोचलेली असते. मग नुसते भरून भागत नाही. रूट कॅनाल करून वर टोपी बसवा, नाहीतर दात काढा, एवढेच उरते. मिश्री तर औषध नव्हेच. ती भाजलेली तंबाखू आहे आणि तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो.

दात भरायचे तीन मुख्य प्रकार आहेत. पहिला, आपण ज्याला ‘चांदी भरणे’ म्हणतो तो. चांदी, कथील, तांबे यांची पूड पाऱ्यात कालवून ती भरतात. त्यात वजनाने निम्म्याच्या आसपास पारा असतो. दाढेत ती मजबूत राहते, वर्षानुवर्षे टिकते, पण काळपट दिसते आणि ती बसवायला चांगला दातही थोडा कोरावा लागतो. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारात भारत सामील आहे. करारातील देशांनी २०२२ मध्ये ठरवले, की १५ वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांच्यासाठी, डॉक्टरांना अगदी गरजेचे वाटल्याखेरीज, ही चांदी वापरू नये. मात्र जुनी चांदी शाबूत असेल तर भीतीने काढून घेऊ नका. काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त सुटते.

दुसरा प्रकार ग्लास आयोनोमर, म्हणजे बोलीत ‘सिमेंट’. ते दाताला स्वतः चिकटते आणि कीड रोखायला मदत करणारे फ्लोराइड थोडे थोडे सोडते. लहान मुलांना आणि हिरडीजवळच्या खड्ड्यांना ते चांगले. दाढेच्या मोठ्या खड्ड्यात मात्र लवकर झिजते.

तिसरा कंपोझिट. दाताच्या रंगाचा हा लगदा थराथराने भरून निळ्या प्रकाशाने घट्ट करतात. दिसायला उत्तम, टिकायलाही चांगला. पण दात पूर्ण कोरडा ठेवावा लागतो, वेळ लागतो आणि पैसेही जास्त पडतात. समोरच्या दातांना तो शोभतो. मागच्या दाढेसाठी केवळ रंगापायी कर्ज काढू नये.

मुलांबाबत एक गोष्ट घरोघरी सांगायला हवी. “दुधाचेच दात, पडणारच आहेत” असे म्हणून आपण सोडून देतो. पण साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे जी दाढ येते ती कायमची असते. ती गेली की पुन्हा येत नाही.

“दवाखान्यात गेलो तर कामाचा खाडा पडतो,” हा आक्षेप खरा आहे. पण लहान खड्डा बहुतेक वेळा एकाच फेरीत भरून होतो. रूट कॅनालला अनेकदा दोन-तीन फेऱ्या होतात. उशिराचा खाडाच मोठा असतो.

जयंतीला आपण आरोग्य शिबिरे घेतो. दात तपासतात, चिठ्ठी देतात आणि चिठ्ठी घरात पडून राहते. ग्लास आयोनोमरला वीज किंवा मोटार लागतेच असे नाही. हातातल्या अवजारांनी कीड खरवडून तिथेच दात भरण्याची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ग्लास आयोनोमर अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. मग शिबिरात निदान मुलांचे दात तिथल्या तिथे भरून द्या, असा आग्रह मंडळांनी डॉक्टरांकडे का धरू नये?

मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालयही आहे. शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. त्यांच्या तपासणीत दातही असतात. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

आणि खुर्चीत बसल्यावर चार प्रश्न न लाजता विचारा: हा दात भरून वाचेल का? कशाने भरणार? किती वर्षे टिकेल? किती पैसे लागतील? उत्तर मिळाल्याशिवाय दात काढायला ‘हो’ म्हणू नका.