नातवाच्या नावावरची ठेव आणि दोन देशांचा कर

न्यू जर्सीत जन्मलेले मूल आई-वडिलांसह रत्नागिरीला राहायला आले तरी अमेरिकेच्या करकायद्यातून सुटत नाही. बहुतेक देश रहिवासावरून कर लावतात. अमेरिका नागरिकत्वावरूनही लावते. तिच्या नागरिकाचे जगात कुठलेही उत्पन्न तिथे मोजले जाते आणि त्याला वयाची अट नाही. मुलाजवळचे ओसीआय कार्ड हे भारतीय नागरिकत्व नव्हे, आणि ते असल्याने यात काही बदलतही नाही. कोकणातून आखातात गेलेल्या कुटुंबांपुढे हा प्रश्न नसतो, कारण कुवेत किंवा दुबईत जन्मल्याने तिथले नागरिकत्व मिळत नाही.

भारतात अज्ञान मुलाच्या ठेवीचे व्याज आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात धरतात. जुनी कररचना निवडली तर दर मुलामागे १,५०० रुपयांची सूट मिळते. मुलाने स्वतःच्या कष्टाने वा कौशल्याने मिळवलेले उत्पन्न मात्र त्याचेच राहते.

अमेरिकेत तेच व्याज मुलाचे. दुसऱ्याच्या अमेरिकी विवरणपत्रात अवलंबित म्हणून दाखवता येणाऱ्या मुलाचे व्याज-लाभांशाचे उत्पन्न २०२५ या वर्षात १,३५० डॉलरच्या वर गेले, तर त्याचे विवरणपत्र भरावे लागते. लहान मुलाच्या वतीने पालक सही करतात. खरी अडचण इथेच आहे: एकाच व्याजावर भारतात कर भरतात वडील आणि अमेरिकेत हिशेब मागितला जातो मुलाकडे. वडिलांनी भरलेल्या कराचे श्रेय मुलाच्या विवरणपत्रात मिळवणे सोपे नाही. दोन्ही सरकारांनी ही विसंगती दूर करायला हवी. तिचा भार अज्ञान मुलावर पडणे अन्यायाचे आहे.

हापूसच्या बागेचेही तसेच. शेतीचे उत्पन्न भारतात करमुक्त आहे, अमेरिकेत नाही. ओसीआयधारकाला शेतजमीन विकत वा बक्षीस घेता येत नाही; वारशाने मात्र मिळू शकते. आजोबांच्या मृत्युपत्राने बाग नातवाच्या नावावर आली, की खर्च वजा जाता उरणारे आंब्याचे उत्पन्न अमेरिकी विवरणपत्रात दाखवावे लागते.

खात्यांची माहिती देणे हे वेगळेच बंधन, आणि सर्वाधिक दुर्लक्षिलेले. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांतली एकत्रित रक्कम वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार हा अर्ज भरावाच लागतो, कर शून्य असला तरी. आजोबांनी कौतुकाने नातवाचे नाव घातलेल्या संयुक्त ठेवीची पूर्ण रक्कम त्यात धरतात. मुलाच्या नावाने म्युच्युअल फंडात एसआयपी सुरू केली तर हिशेब आणखी किचकट होतो, म्हणून ती टाळलेलीच बरी.

ही माहिती झाकून राहत नाही. २०१५ च्या भारत-अमेरिका करारानुसार बँका अमेरिकी नागरिकांच्या खात्यांचा तपशील प्राप्तिकर विभागामार्फत अमेरिकेला कळवतात. नकळत राहून गेलेल्यांसाठी वाट आहे. चूक हेतुपुरस्सर नसेल, तर अमेरिकेबाहेर राहणाऱ्यांना मागच्या ३ वर्षांची विवरणपत्रे आणि ६ वर्षांचे एफबार भरून दंडाविना सुटता येते. मात्र अमेरिकी करखात्याची चौकशी सुरू होण्याआधीच ते करावे लागते.