नरसिंह गुरगुरणार नाही तर काय करणार?

गेल्या पावसाळ्यात नातू आठ दिवस राहायला आला होता. आमच्या भिवपुरीचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, एकदा लागला की घरातून हलायची सोय नाही. दुपारी बघते तर हा पठ्ठ्या कानाला हेडफोन लावून डोळे मिटून पडलेला, आणि मान गदागदा हलतेय. सहज विचारलं, "काय ऐकतोस रे?"

"दशावतार."

मला वाटलं, म्हातारीची चेष्टा करतोय. माझं माहेर सावंतवाडीकडचं. जत्रेत रात्ररात्र जागून दशावतारी नाटकं बघितलेली मी. हेडफोन मागून घेतला आणि कानाला लावला. जेमतेम अर्धं मिनिट सहन केलं. ढोल असे की छातीत धडधड व्हावी, आणि त्यावर कुणीतरी घशातून खरवडून ओरडतंय.

"हे कोण रे ओरडतंय?"

"नरसिंह."

"मग असा का ओरडतोय?"

"अगं आजी, नरसिंह आहे तो. खांब फोडून आलाय. गुरगुरणार नाही तर काय करणार?"

चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच की! आपण कॅलेंडरवर त्याचं चित्र बघतो, आरती म्हणतो, पण हिरण्यकशिपूचं पोट फाडणारा तो आवाज कसा असेल याचा विचार मी तरी कधी केला नव्हता.

तर हा अल्बम मुंबईच्या 'डेमॉनिक रिझरेक्शन' या बँडचा. बँड सुरू झाला 2000 साली, साहिल मखिजा या तरुणाने केला. 'दशावतार' निघाला 2017 च्या मार्चमध्ये. दहा गाणी, दहा अवतार. मत्स्यापासून कल्कीपर्यंत आपल्या नेहमीच्या क्रमाने. शब्द इंग्रजी, पद्धत डेथ मेटलची, आणि मधेमधे आपल्याकडची वाद्यं आणि आपल्या वळणाचे सूर. या बँडला त्याआधी 2010 मध्ये लंडनला 'मेटल हॅमर' मासिकाचा, जगभरातल्या बँडसाठी असलेला पुरस्कार मिळालेला होता. म्हणजे ही काही गल्लीतल्या पोरांची हौस नव्हे.

आणि तरीही माझ्या ओळखीतल्या एकाही माणसाने या अल्बमचं नाव ऐकलेलं नाही. मी विचारून पाहिलं. दशावतारावर कुणी प्रवचनमाला केली तर आपण जातो, नृत्यनाटिका बसवली तर तिकीट काढतो. हा अल्बम आपल्या मुंबईत झाला, आपल्याच गोष्टीवर झाला, आणि आपण त्याच्या वाऱ्यालाही उभे राहिलो नाही. गंमत म्हणजे याच साहिल मखिजांचा 'हेडबँगर्स किचन' नावाचा स्वयंपाकाचा कार्यक्रम इंटरनेटवर आहे, कीटो आहाराच्या पाककृतींचा. तो लाखो लोक बघतात. आमच्या एका नातेवाईक बाईंनी वजन उतरवण्यासाठी त्यातलं पनीर करून पाहिलंय. हाच माणूस नरसिंह होऊन गुरगुरतो हे कळल्यावर बाई पाच मिनिटं गप्प होत्या.

डेथ मेटल म्हणजे काय, हे मला नातवाने समजावलं. मग थोडं मी वाचलं. हा प्रकार अमेरिकेत 1980 च्या दशकाच्या मध्याला जन्मला. फ्लोरिडा हे त्याचं मोठं ठाणं. तिथल्या 'डेथ' याच नावाच्या बँडचा पहिला अल्बम 1987 चा. गिटार खालच्या सुरात लावलेल्या, ढोल दोन्ही पायांनी अतिवेगाने वाजवलेला, आणि तो गुरगुराट. मला वाटत होतं की नुसता घसा फाडून ओरडायचं. तसं नाही. आपल्या खऱ्या स्वररज्जूंच्या वर आणखी दोन पडद्या असतात, त्यांना थरथरवून हा आवाज काढतात. तिबेटी लामांच्या खर्जातल्या मंत्रपठणात याच पडद्यांचा उपयोग होतो. चुकीच्या पद्धतीने केलं तर आवाजाला इजा होऊ शकते. म्हणजे इथेही रियाज आहे!

आता तुम्ही म्हणाल, बाई, रियाज असेल, पण हे आपलं नाही. इथे मात्र मला मराठीची शिक्षिका म्हणून बोलू द्या. मराठी नाटकाचा जन्म आपण 1843 चा मानतो, सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं तेव्हाचा. त्या काळच्या नाटकांत राक्षस रंगभूमीवर यायचे ते 'अललडुर्र' अशा आरोळ्या ठोकत. त्यामुळे त्या नाटकांना थट्टेने अललडुर्र नाटकं म्हणत. शाळेत मी हा शब्द सांगितला की वर्ग हसायचा. आणि माझ्या माहेरच्या दशावतारात काळ्या कपड्यांतला संकासुर यायचा, ब्रह्मदेवाचे वेद पळवायचा. त्याला बघून आम्ही पोरं आईच्या पदरात शिरायचो आणि पदराआडून बघायचो. पखवाज, झांजा आणि मध्यरात्रीच्या त्या आरोळ्या... भीती हाच त्यातला आनंद होता. काळे कपडे, आरोळ्या आणि देव-असुरांची मारामारी. आता सांगा, यातलं परकं काय आहे? गिटार? मग पायपेटी तरी कुठे आपली होती!

असो. कौतुकच करायचं असं नाही. मला हा अल्बम सगळा आवडला नाही. इंग्रजी शब्द गुरगुराटात मला मुळीच कळत नाहीत, नातवाने लिहिलेले दाखवले तेव्हा कळले. वेगही अनेक ठिकाणी एकसारखा वाटतो. माझी मोठी तक्रार आहे ती नवव्या गाण्याबद्दल. नववा अवतार म्हणून बुद्ध घेतलाय. जुनी यादी तशीच उचलली. पण महाराष्ट्रात बुद्धाला विष्णूचा अवतार म्हणणं ही साधी गोष्ट नाही. 1956 साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये हे मानणार नाही अशी स्पष्ट प्रतिज्ञा आहे. आपल्याकडच्या जुन्या चित्रांत तर नवव्या जागी चक्क विठोबा उभा असतो. मुंबईत बसून दशावतार करणाऱ्याने इथे जरा थबकायला हवं होतं. इतकं धाडस आवाजात केलं, थोडं गोष्टीतही करायचं! पण बघा, ही तक्रार मला करता आली, कारण मी ऐकलं.

न ऐकता नाकारणं आपल्याला नवीन नाही. मर्ढेकरांची कविता आली तेव्हा दुर्बोध म्हणून केवढी टवाळी झाली, अश्लीलतेचा खटलाही झाला. त्यातून ते सुटले, आणि पुढे त्याच कविता मी वर्गात शिकवल्या. डेथ मेटलमध्येही हेच झालंय. फ्लोरिडाच्याच 'सिनिक' नावाच्या बँडने 1993 मध्ये 'फोकस' नावाचा अल्बम केला. त्यात जॅझ घातलं, यंत्रातून आल्यासारखा आवाज घातला. पुढच्याच वर्षी बँड मोडला. दुसरा अल्बम यायला 2008 उजाडलं. आज त्या पहिल्या अल्बमला लोक मैलाचा दगड म्हणतात. 'दशावतार'चं तसं होईल असं माझं म्हणणं नाही. पण आधी कुणी ऐकायला तर हवं.

गोंगाटाचं समर्थन मी करत नाही बरं का. पावसाळ्यात आमच्या धबधब्यावर येणारी मंडळी जे भोंगे लावतात त्यांचा मला मनस्वी संताप येतो. मुंबईत धोबीतलावला रंगभवन होतं. 1986 पासून 'इंडिपेंडन्स रॉक'चे कार्यक्रम तिथे व्हायचे. शेजारी हॉस्पिटल आणि कॉलेज, म्हणून शांतता क्षेत्राच्या नियमाने तिथला आवाज बंद झाला. नियम योग्यच होता. पण नातवाच्या कानातला नरसिंह कुणाला त्रास देत होता? शिवाय सवयीचा आवाज आपल्याला गोंगाट वाटतच नाही. आमच्याकडचं पॉवरहाऊस 1922 सालचं. आमच्या ह्यांची सगळी नोकरी तिथे झाली. निवृत्तीनंतर यांना शांततेत झोप यायची नाही!

हे सगळं आज का लिहितेय, तर एक जुनी गोष्ट मनात टोचते. 1994 साली नववीच्या वर्गात एका मुलाच्या दप्तरात मला एक कॅसेट सापडली. वर कवटीचं चित्र. मी ती जप्त केली, वर्गासमोर चार शब्द सुनावले आणि वडिलांना बोलावून सांगितलं की मुलगा वाईट नादाला लागतोय. मुलगा हुशार होता, निबंध सुरेख लिहायचा. त्यानंतर तो वर्गात माझ्याशी कामापुरतंच बोलला. कॅसेटमध्ये काय आहे ते मी ऐकून पाहिलं नव्हतं. कवटी बघितली आणि मुलाचा निकाल लावला. आमच्या शंकराच्या गळ्यात मुंडमाळ असते हे मला तेव्हा आठवलं नाही.

दोन वर्षांपूर्वी तो कर्जत स्टेशनवर भेटला. केस पिकलेत, मुलगी कॉलेजात आहे. वाकून नमस्कार केला आणि हसत म्हणाला, "बाई, माझी कॅसेट आहे का हो अजून?" मीही हसून वेळ मारून नेली. लोकल आली, तो गेला.

कॅसेट नाही. शाळेच्या कपाटातून ती कधी गेली तेही मला ठाऊक नाही. त्या दिवशी माफी मागायला हवी होती, मागितली नाही. नातवाने नरसिंह ऐकवला त्या रात्री झोप लागेना, ती गुरगुराटामुळे नव्हे.

माझं म्हणणं इतकंच. तुमच्या घरातलं पोर काही कर्कश ऐकत असेल तर बंद कर म्हणण्याआधी एक गाणं त्याच्या शेजारी बसून ऐका. आवडलं नाही तर सरळ तसं सांगा, पण कुठे आणि का आवडलं नाही ते सांगता आलं पाहिजे. त्याला वाईट नाद म्हणू नका. मी म्हटलं होतं.

आणि 'दशावतार' ऐकलात तर मला जरूर कळवा. नरसिंहापासून सुरुवात करा. पहिलं अर्धं मिनिट कठीण जातं, मग जमतं.