जीआय पाइपचा मॅनिफोल्ड नकोच



घरी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बनवण्याबद्दल गेल्या अंकात आलेले पत्र वाचले. लेखकाचा उत्साह मला मनापासून आवडला, पण नळाचा जीआय पाइप वापरण्याचा त्यांचा सल्ला घातक आहे. वेल्डिंग करताना त्यावरचे जस्त जळते आणि पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. मी तो ताप काढला आहे. साधा काळा एमएस पाइप घ्यावा.

फ्लँजबद्दल तर त्यांनी अवाक्षरही काढलेले नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. मारुती ८०० साठी मी केलेला पहिला मॅनिफोल्ड दिसायला देखणा होता. फ्लँजवर स्टीलची पट्टी उभी धरली, तर मधून उजेड दिसला! वेल्डच्या ओढीने १० मिमीची प्लेटही वाकते. भंगारातला सिलिंडर हेड आणून फ्लँज त्यावर बोल्टने आवळावी, आधी फक्त टाके मारावेत, मग आलटूनपालटून थोडे थोडे वेल्ड करावे आणि पूर्ण थंड झाल्यावरच बोल्ट सोडावेत. त्यानंतरही फ्लँजचे तोंड घासून सपाट करावे, नाहीतर गॅस्केट टिकत नाही.

कास्ट आयर्नला त्यांनी जुनाट म्हटले, तेही पटले नाही. तापल्यावर ३०४ स्टेनलेस त्याच्या जवळजवळ दीडपट फुगते, म्हणून स्टेनलेसच्या मॅनिफोल्डला तडे जातात.

— एक फॅब्रिकेटर, कोल्हापूर