समुद्रतळाची लेसर मोजणी

स्कॉटलंडच्या वायव्येस अटलांटिक महासागरात सुमारे एक हजार मीटर खोलीवर 'डार्विन माउंड्स' नावाच्या वाळूच्या शेकडो छोट्या टेकड्या आहेत. १९९८ मध्ये त्यांचा शोध लागला, तेव्हा त्यांवर थंड पाण्यातील प्रवाळ आढळले. मात्र तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांनी त्यांतील बराच भाग उद्ध्वस्त केल्याचेही लवकरच उघड झाले. युरोपीय संघाने २००३ मध्ये तेथे अशा मासेमारीवर बंदी घातली. आठ वर्षांनंतर, २०११ मध्ये केलेल्या पाहणीत उद्ध्वस्त भागात प्रवाळ पुन्हा रुजल्याचे दिसले नाही. अत्यंत मंद वाढणाऱ्या या जिवांच्या बाबतीत बंदी निष्फळ ठरली की काळ अपुरा पडला, हे ठरवायचे तर तोच तळ पुनःपुन्हा आणि काटेकोरपणे मोजायला हवा.

अडचण नेमकी तिथेच आहे. जहाजावरील सोनारला टेकडी दिसते, तिच्यावरचे ओंजळभर प्रवाळ दिसत नाही. कॅमेऱ्याला ते दिसते, पण पाणी लाल रंग शोषून घेते आणि तरंगणारे कण प्रकाश विखुरतात. धुक्यात मोटारीचे दिवे प्रखर केल्यावर समोर पांढरा पडदा उभा राहावा, तशी गत होते. म्हणून तळाच्या अगदी जवळून जावे लागते आणि हाती अरुंद पट्टाच येतो.

साउदम्पटन विद्यापीठात विकसित झालेल्या 'बायोकॅम' यंत्रणेची २०१९ मध्ये याच टेकड्यांवर चाचणी झाली. 'ऑटोसब ६०००' या स्वयंचलित पाणबुडीवर ती बसविली होती. लेसरची बारीक रेषा तळावर पडते आणि उंचसखल भागावर वाकते. त्या वाकण्यावरून तळाचा आकार मिलिमीटरच्या पातळीवर काढता येतो. रंगाची छायाचित्रे एलईडी दिव्यांच्या झोतात घेतली जातात. प्रत्येक बिंदूचे अंतर ठाऊक असल्याने पाण्याने गिळलेला रंगही बराचसा परत मिळविता येतो. त्याआधी २०१८ मध्ये अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्याजवळील हायड्रेट रिज येथे ब्लेअर थॉर्नटन यांच्या चमूने अशाच पद्धतीने तेरा लाखांवर छायाचित्रे टिपली आणि मोहीम चालू असतानाच त्यांचे नकाशे तयार केले.

तरीही लेसर पाहतो तो पृष्ठभागच. चिखलात राहणारे कृमी त्याच्या नजरेबाहेर असतात, आणि प्रजाती निश्चित करण्यासाठी बहुधा नमुना वर आणावाच लागतो. या तंत्राचा गाजावाजा करताना ही मर्यादा बाजूला पडते.

भारताचा यात थेट संबंध आहे. मध्य हिंदी महासागरात बहुधात्विक गोळ्यांच्या शोधासाठी ७५ हजार चौरस किलोमीटरचे क्षेत्र भारताकडे आहे. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी तसा करार झाला. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था या क्षेत्राचा अभ्यास दीर्घकाळ करीत आली आहे. दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढणारे हे गोळे कित्येक जिवांचा एकमेव टणक आधार असतात. ते उचलले की आधारही जातो. लेसर मोहिमांचे काम हेक्टरांत मोजले जाते आणि हे क्षेत्र भरते ७५ लाख हेक्टर. म्हणजे मोजले जाणार ते निवडक तुकडेच. ते तुकडे कोणते, हे पहिले यंत्र तळावर उतरण्यापूर्वी आणि खाणकामात हितसंबंध नसलेल्यांनीच ठरविले पाहिजे.