तक्रारीची मुदत



"तेव्हाच का नाही बोलली?" लैंगिक छळाची तक्रार उशिरा आली की हा प्रश्न हमखास विचारला जातो. संशोधन क्षेत्रात मी त्याचे उत्तर रोज पाहते. पीएच.डी. करणाऱ्या मुलीचा प्रबंध, शिफारसपत्र, पुढची नोकरी सारे एकाच मार्गदर्शकाच्या हाती असते. परदेशी विद्यार्थिनीला त्यात व्हिसाची धास्ती.

भारतातल्या २०१३ च्या कायद्यात शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करावी लागते. समितीला कारण पटले तर आणखी तीन महिने. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्यातील विधी विद्यापीठाच्या एका प्राध्यापिकेची कुलगुरूंविरुद्धची तक्रार मुदतबाह्य ठरवली. आरोप खरे की खोटे, हे तपासलेच गेले नाही. प्राध्यापिकेची ही गत, तर विद्यार्थिनीने काय करावे?

न्यूझीलंडने जून २०२३ मध्ये नोकरदारांसाठी ही मुदत ९० दिवसांवरून १२ महिने केली. पण पीएच.डी.ची विद्यार्थिनी सहसा नोकरदार ठरत नाही. तिला विद्यापीठाची तक्रार यंत्रणा आहे, शिवाय १९९३ चा मानवी हक्क कायदा शिक्षणालाही लागू आहे. मानवी हक्क आयोगाकडे तक्रारीला शुल्क नाही, वकीलही लागत नाही.

भारतातही किमान वर्षभराची मुदत हवी, अशी मागणी आपण लावून धरू या. आणि इथे शिकायला येणाऱ्या भाची-पुतणीला घर, बँक, बसचे कार्ड समजावताना ही माहितीही आवर्जून देऊ या.